अंगण वाकडं नव्हतं

भारतीय हॉकीचा विषय निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘अॅस्ट्रोटर्फ’ हा शब्द येतोच. गोऱ्यांनी गवत काढलं, प्लॅस्टिकची सतरंजी अंथरली आणि आपली कला तिच्याखाली गाडली गेली, अशी ती कथा. ऐकायला बरी वाटते. तिच्यात आपला काही दोष नसतो. उलट आपण फारच चांगले होतो म्हणून खेळच बदलावा लागला, असा एक छुपा अभिमानही तिच्यात असतो. तारखाही सोयीच्या जुळतात. मार्च 1975 मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला 2-1 हरवून आपण विश्वविजेते झालो. जुलै 1976 मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. सव्वा वर्षात पहिल्याचे सातवे. मधे बदललं काय, तर मैदान. खटला संपला.

पण हा खटला इतक्या लवकर संपवू नये. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकला गवतच होतं. तिथे पृथिपालसिंग आणि गुरबक्षसिंग असे दोन-दोन कर्णधार घेऊन आपण गेलो, पहिलाच सामना न्यूझीलंडकडून हरलो आणि ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच अंतिम सामन्याबाहेर राहिलो. 1971 च्या पहिल्या विश्वचषकात उपांत्य फेरीत पाकिस्तानकडून हरलो, गवतावर. 1972 ला म्युनिक ऑलिंपिकला पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा पाकिस्तान, 0-2. 1973 ला अॅमस्टलव्हेनला विश्वचषकाच्या नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात 2-0 अशी आघाडी घेऊन ती घालवली, जादा वेळेत मिळालेला पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर फक्त गोलकीपर असतानाचा फटका, वाया घालवला आणि शेवटी स्ट्रोकवरच चषक गेला. तेही गवतावर. उतार 1976 ला सुरू झाला नाही. 1976 ला तो फक्त लपवता येईनासा झाला.

यातला सगळ्यात बोचरा पुरावा आपल्या घरचा आहे. जानेवारी 1982 चा विश्वचषक मुंबईत झाला, चर्चगेटजवळच्या हॉकी असोसिएशनच्या मैदानावर. गवत आपलं, हवा आपली, गॅलरीतली माणसं आपली. आपण पाचवे आलो. अंतिम सामन्यात पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला 3-1 हरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीच्या एशियाडमध्ये त्याच पाकिस्तानने आपल्याला 7-1 असं धुतलं. पाकिस्तानकडे तरी टर्फ कुठे पडून होतं? तीच माती, तेच पंजाबी मनगट, तीच जुनी शाळा. तरी त्यांनी 1984 चं लॉस एंजेलिसचं सुवर्ण टर्फवर जिंकलं आणि 1994 चा सिडनीचा विश्वचषकही. पुढे तेही घसरले आणि आपल्यापेक्षा खोल गेले. 2016, 2020 आणि 2024 या तिन्ही ऑलिंपिकला त्यांना पात्रच होता आलं नाही. 1986 च्या लंडनच्या विश्वचषकात तर बारा संघांत अकरावं कोण आणि बारावं कोण हे ठरवायला भारत-पाकिस्तान समोरासमोर आले होते. आपण बारावे.

मग टर्फने काहीच बदललं नाही का? बदललं. पण ‘वेग वाढला’ एवढं म्हणून भागत नाही.

मैदान तेवढंच राहिलं, 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. बदलला तो चेंडूचा स्वभाव. गवतावर किंवा आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर चाळीस मीटरचा पास म्हणजे जुगार. चेंडू मधेच उडणार, वळणार, एखाद्या खड्ड्यात मान टाकणार. त्यामुळे चेंडू स्टिकला चिकटवून स्वतः घेऊन जाणं हा शहाणपणाचा मार्ग होता. आपण ज्याला कला म्हणतो तो ड्रिबल निम्मा तरी खराब मैदानावरचा व्यवहार होता. ओल्या टर्फवर तो हिशेबच उलटला. चाळीस मीटरवरून मारलेला चेंडू सपाट, सरळ, ज्याला दिला त्याच्याच स्टिकवर येतो. माणसाने चेंडू घेऊन पळण्यापेक्षा चेंडूलाच पळवणं स्वस्त झालं. दोघांना चकवणारा फॉरवर्ड अजूनही दोघांना चकवतो, पण तेवढ्या तीन-चार सेकंदांत समोरचे सहा जण चेंडूच्या मागे येऊन उभे राहिलेले असतात. तिसऱ्याकडे चेंडू जातो आणि तिथून दोन पासात तो आपल्या डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, असतो.

चेंडू अडवण्याची पद्धतही बदलली. मुरमावर उसळणाऱ्या चेंडूसाठी स्टिक जवळजवळ उभी धरतात आणि मनगट सैल सोडून चेंडू मारतात, म्हणजे त्याचा जीव काढतात. टर्फवर तीच सवय नडते. उभ्या स्टिकला चेंडू लागला की तो दीड-दोन मीटर पुढे निसटतो, किंवा जरा उशीर झाला की खालून जातो. तिथे गुडघे वाकवून, कंबर खाली घालून, स्टिक जमिनीला जवळजवळ आडवी टेकवायची असते, इतकी की डाव्या हाताची बोटं टर्फला घासतात. असं वाकून तासभर पळायला मांड्या आणि पाठ वेगळी लागते. युरोपातलं पोर हे सातव्या-आठव्या वर्षी शिकतं. आपला मुलगा सतरा-अठराव्या वर्षापर्यंत मुरमावर खेळून शिबिरात यायचा आणि तिथे त्याला चेंडू अडवायला पहिल्यापासून शिकवावं लागायचं. उरलेल्या आयुष्यात दमला की तो पुन्हा स्टिक उभी धरायचा. शेवटच्या दहा मिनिटांत आपले ट्रॅप, म्हणजे चेंडू अडवणं, का फुटतात याचं एक उत्तर इथे आहे. दमलेलं शरीर लहानपणी शिकलेलंच करतं.

तेव्हा टर्फवाल्यांची बाजू इतकी खरी आहे. मात्र टर्फ 1976 ला आलं. त्यावर खेळणारी मुलं तयार करायला दहा वर्षं लागली असती तर 1986 पर्यंत ती व्हायला हवी होती. आपण ती तीस वर्षं लावली. ऑफसाइड 1998 मध्ये कायमचा गेला, खेळाडू हवे तेव्हा बदलायची सोय आली, आणि प्रत्येक वेळी आपण ‘नियम आपल्याविरुद्ध’ म्हणून हळहळत राहिलो. ऑफसाइड गेल्यावर उलट आपल्यासारख्या चपळ फॉरवर्डांना मोकळं रान मिळायला हवं होतं.

यात आपला, म्हणजे बघणाऱ्यांचा, वाटा कोणी सांगत नाही. आपण टाळ्या कशाला वाजवल्या ते आठवून बघा. खडकीच्या धनराज पिल्लेने मध्यरेषेवरून चेंडू घेतला की श्वास थांबायचा, आणि तो थांबणं रास्तच होतं. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळलेला हा माणूस एकट्याच्या पायांवर संघ ओढत होता. 1998 ला बँकॉकला त्याच्याच नेतृत्वाखाली बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आलं, आणि ते घेऊन परतल्यावर त्याच्यासह अनेक जणांना संघाबाहेर ठेवलं गेलं. तो राग वेगळाच. पण धनराजने तिघांना चकवून चेंडू उजव्या कोपऱ्यात नेला आणि तिथून क्रॉस दिला, की डीमध्ये तो घ्यायला दुसऱ्या खांबापाशी कोण उभं असायचं? बहुतेक वेळा कोणी नाही. तिथे उभं राहणं हे कष्टाचं, कंटाळवाणं, टाळ्या न मिळणारं काम. जर्मनांचा माणूस तिथे स्टिक जमिनीला टेकवून उभा असतो आणि दहातून एकदा चेंडू तिला लागून आत जातो. त्या एका गोलाला आपण ‘नशीब’ म्हणत आलो.

आता पेनल्टी कॉर्नर, बचावाच्या चुकीबद्दल समोरच्याला मिळणारी गोलाची संधी. जुन्या लोकांचा शॉर्ट कॉर्नर. आपली खरी हार इथे झाली आणि तिचा मैदानाशी फार थोडा संबंध आहे.

रचना अशी. गोलखांबापासून किमान 10 मीटर अंतरावर, मागच्या रेषेवर चेंडू ठेवतात. तिथून एक जण तो डीच्या टोकाकडे ढकलतो. डीची त्रिज्या 14.63 मीटर. चेंडू आधी डीच्या बाहेर जायलाच हवा, त्याशिवाय गोलावर फटका मारता येत नाही. बचावाला गोलकीपर धरून फक्त पाच जण, तेही मागच्या रेषेच्या पलीकडे. बाकीचे मध्यरेषेपल्याड. चेंडू ढकलला गेला की ते पाच सुटतात. ढकलणं, थांबवणं, मारणं, असा सगळा खेळ दोन सेकंदांच्या आसपास आटोपतो.

मेख पुढे आहे. पहिला फटका जर हिट असेल, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारलेला, तर तो गोलरेषा ओलांडताना 460 मिलिमीटरपेक्षा उंच असता कामा नये. गोलाच्या आतल्या फळीची उंची तेवढीच असते. पण चेंडू हिट न करता ओढून फेकला, तर उंचीचं हे बंधन नाही. गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच. म्हणजे हिट मारणाऱ्याला खालची एक चिंचोळी पट्टी मिळते आणि ओढून फेकणाऱ्याला पूर्ण दार. नियमाच्या पुस्तकात हे सगळ्यांना दिसत होतं. नेदरलँड्सच्या ताको व्हॅन डेन होनर्ट आणि ब्राम लोमान्सने नव्वदच्या दशकात त्याचा अर्थ लावला. त्या दशकाच्या अखेरीस पाकिस्तानने सोहेल अब्बास उभा केला आणि त्याने पुढे 348 आंतरराष्ट्रीय गोल केले. आपण तोवर थांबवा आणि मारा हेच करत होतो, आणि कॉर्नर मिळाला की घरी टीव्हीसमोर माणसं पाणी प्यायला उठत होती.

हे ओढून फेकणं म्हणजेच ड्रॅग फ्लिक, आणि ती काही जादू नाही. फ्लिक करणारा चेंडूच्या मागून तिरका येतो, एक पाय दुसऱ्याच्या मागून ओलांडून टाकतो, डावा पाय चेंडूच्या बराच पुढे रोवतो. चेंडू तेव्हा त्याच्या उजव्या पावलाच्याही मागे असतो. तो स्टिकच्या दांड्याला, आकड्याच्या जरा वर, अडकतो आणि तिथून शरीर खाली ठेवून पुढे ओढत आणला जातो. आधी कंबर वळते, मग खांदे, मग हात, शेवटी मनगट. गोफण फिरते तसं. उत्तम फ्लिक ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जाते. साडेचौदा मीटरवर उभ्या गोलकीपरला अर्धा सेकंद मिळतो, आणि समोर धावत येणाऱ्या माणसांमुळे त्यातलाही थोडा चेंडू दिसण्यातच जातो.

बिघडतं कुठे? फ्लिक करणाऱ्याच्या हातात तर शेवटी. बहुतेक कॉर्नर त्याच्याकडे येण्याआधीच मेलेले असतात. ढकलणाऱ्याचा मागचा पाय हलला की चेंडू टर्फवर बारीक उड्या घेत येतो आणि थांबवणाऱ्याच्या स्टिकवरून टणकन पुढे जातो. थांबवणाऱ्याने चेंडू ठरल्या जागेपासून वीतभर इकडेतिकडे थांबवला की फ्लिक करणाऱ्याला शेवटचं पाऊल आखडतं घ्यावं लागतं. पाऊल आखडलं की ओढण्याचं अंतर गेलं, अंतर गेलं की वेग गेला. मग तो वेग खांद्यातून काढायला जातो, डावा खांदा लवकर उघडतो आणि चेंडू खांबाबाहेर. पडद्यावर आपल्याला फ्लिक करणाराच दिसतो. शिव्या त्यालाच. म्हणूनच पाच सामन्यांत ढकलणारा किंवा थांबवणारा बदलला की ज्याला खेळ कळतो तो चिडतो. हे तिघे म्हणजे एक यंत्र आहे. त्यांनी रोज शे-दीडशे वेळा तीच गोष्ट एकत्र करायची असते.

आपल्याकडे फ्लिकर आले ते उशिरा, आणि एकेकटे. जुगराजसिंग आला. 2001 ला होबार्टला ज्युनियर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला. सप्टेंबर 2003 मध्ये मोटार अपघाताने त्याची कारकीर्द संपवली. मग संदीपसिंग. 2006 च्या विश्वचषकाला निघताना रेल्वेत चुकून सुटलेली गोळी त्याला लागली. ही दुर्दैवंच, त्यावर कोणाला बोल लावता येत नाही. पण दोन्ही वेळा एका माणसाबरोबर आपला अख्खा कॉर्नर गेला, हे दुर्दैव नव्हे. डच किंवा ऑस्ट्रेलियन संघात कोणत्याही वेळी दोन-तीन जण फ्लिक करू शकतात.

कॉर्नर अडवण्याची बाजू तर आणखी दुर्लक्षित. चेंडू सुटताच थेट फ्लिक करणाऱ्याच्या अंगावर धावणारा, पहिला रशर, हे हॉकीतलं सर्वांत धोक्याचं काम. चेहऱ्यावर जाळी, गुडघ्यांवर पॅड, आणि समोरून ताशी 100 ने येणारा 160 ग्रॅमचा दगड. त्याची वाट अर्ध्या मीटरने चुकली तर तो फ्लिकही अडवत नाही आणि गोलकीपरची नजर मात्र अडवतो. अमित रोहिदास हे काम वर्षानुवर्षं करत आला. पॅरिसला 2024 मध्ये ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं. आपण चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांनी तो सामना ओढला आणि शूटआउटवर जिंकला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. मात्र बंदीमुळे रोहिदास उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध नव्हता. जर्मनीचा पहिला गोल कॉर्नरवर आला. आपण 2-3 हरलो. तो असता तर काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही, पण ते कार्ड दिसलं तेव्हा ज्यांच्या पोटात गोळा आला त्यांना बचावातला एक माणूस गेल्याचं दुःख नव्हतं, पहिला रशर गेल्याचं होतं.

शेवटच्या मिनिटांबद्दल लिहायचं म्हणजे जखमा मोजायच्या. सिडनी 2000: पोलंडविरुद्ध जिंकलं की उपांत्य फेरी. 1-0 पुढे, शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी, सातवा क्रमांक. रिओ 2016: जर्मनीचा विजयी गोल तीन सेकंद उरले असताना. त्याच स्पर्धेत नेदरलँड्सविरुद्ध एका गोलाने मागे असताना अखेरच्या क्षणी लागोपाठ पाच कॉर्नर, एकही आत नाही. जाकार्ता एशियाड 2018: गटात 76 गोल, हाँगकाँगला 26-0, आणि उपांत्य सामन्यात मलेशियाची 59 व्या मिनिटाला बरोबरी, मग शूटआउटवर हार. भुवनेश्वर 2023: न्यूझीलंडविरुद्ध 3-1 पुढे, मग 3-3, मग शूटआउट, घरच्या विश्वचषकात नववे.

याला ‘मानसिक दुबळेपणा’ म्हणून टाकतात. थोडा असेलही. पण नीट बघितलं तर प्रत्येक वेळी एकच चित्र दिसतं. एका गोलाची आघाडी घेतली की आपले हाफ मागे सरकतात, फॉरवर्ड पुढेच राहतात आणि मधे तीस मीटरचं रिकामं मैदान पडतं. चेंडू मिळाला की बॅक तो डोळे मिटून पुढे मारतो. तो कोणालाच मिळत नाही आणि पंधरा सेकंदांत परत येतो. असं चार-पाच वेळा झालं की कोणाच्या तरी पायाला चेंडू लागतोच, कॉर्नर जातो. उपाय कोणालाही ठाऊक असलेला आहे: चेंडू बाजूच्या रेषेने न्यायचा, समोरच्याच्या कोपऱ्यात तिघांनी मिळून तो दाबून धरायचा, फ्री हिट मिळवायची, पुन्हा तेच. ताजे पाय शेवटच्या सहा-सात मिनिटांसाठी राखायचे. हा खेळ दिसायला भिकार असतो आणि त्यात डॉज, म्हणजे चकवणं, नसतं. आपण वर्षानुवर्षं तो ‘आपली शैली नाही’ म्हणून नाकारला.

संघटनेबद्दल मी थोडक्यातच लिहिणार, कारण ते वाचून रक्तदाब वाढण्यापलीकडे काही होत नाही. मार्च 2008 मध्ये सांतियागोला ब्रिटनकडून 0-2 हरून आपण ऑलिंपिकबाहेर राहिलो, 1928 पासून पहिल्यांदाच. पुढच्याच महिन्यात, निवडीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपानंतर, महासंघ निलंबित झाला. जानेवारी 2010 मध्ये, दिल्लीचा विश्वचषक दीड महिन्यावर असताना, राष्ट्रीय संघाने पुण्यातल्या शिबिरात सराव बंद केला, कारण पैसेच मिळाले नव्हते. देशाच्या संघाला थकलेल्या मानधनासाठी बालेवाडीत संप करावा लागला. 2012 ला लंडनला सहा सामने, सहा पराभव, बारा संघांत बारावे. प्रशिक्षक तर एसटीच्या थांब्यावरच्या प्रवाशांसारखे आले-गेले: ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन अॅस, ओल्टमान्स, मारीन. प्रत्येकाने येऊन आपली पद्धत सांगायची, ती मुलांच्या अंगात मुरायच्या आत जायचं. ग्रॅहॅम रीड जवळजवळ चार वर्षं टिकला आणि त्याच काळात टोकियोचं कांस्य आलं. यात काही योगायोग नाही.

टोकियोतही सगळं साजरं नव्हतं. ऑस्ट्रेलियाकडून 1-7, म्हणजे 1982 चाच आकडा. बेल्जियमविरुद्धच्या उपांत्य सामन्यात 14 कॉर्नर दिले आणि 2-5 हरलो. पण कांस्याच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध 1-3 वरून 5-4 झालं, सहा सेकंद उरलेले असताना जर्मनीला कॉर्नर मिळाला आणि गोलकीपर श्रीजेशने तो अडवला. पॅरिसला कर्णधार हरमनप्रीतने 10 गोल केले, सगळे कॉर्नर आणि स्ट्रोकवरच. ज्या कामाला आपण चाळीस वर्षं नाकं मुरडली, त्यानेच दोन पदकं दिली.

जून 2025 मध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोपातल्या टप्प्यात आपण लागोपाठ सात सामने हरलो आणि लगेच ‘हॉकी पुन्हा संपली’ सुरू झालं. नेदरलँड्स 1-2, 2-3. अर्जेंटिना 3-4, 1-2. ऑस्ट्रेलिया 2-3, 2-3. बेल्जियम 3-6. चिडायचंच असेल तर या आकड्यांवर नीट चिडावं. सातांतले सहा एकेका गोलाने गेले. हा 1986 चा संघ नव्हे, ज्याला टर्फवर चेंडू अडवता येत नव्हता. याला चेंडू अडवता येतो, पास देता येतो, कॉर्नर मारता येतो. याला अजून शेवटची चार मिनिटं समोरच्याच्या कोपऱ्यात उभं राहून, दिसायला भिकार असा खेळ खेळता येत नाही.